दर चोवीस तासांनी की रोज पहाटे साडेपाचला?

मंडळी, गेले तीन वीकांत ब्लॉगवर शुकशुकाट होता. दोघातिघांनी मेल टाकून विचारलं, जिवंत आहेस का? आहे. फक्त लिहायला तोंड नव्हतं. पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसानं स्वतःच्या बापाच्या घरचा पंप स्वतःच्या प्रोग्रामनं जाळला, हे जाहीर सांगायला जरा वेळ लागतो.

तर झालं असं.

आमचं गाव नांदगाव. सिंधुदुर्गातलं, कणकवली तालुक्यातलं. 'सिंधुदुर्ग' म्हटलं की हापिसातली मंडळी लगेच मालवण, तारकर्ली, स्कूबा असं सुरू करतात, पण समुद्र काही आमच्या दारात नाही. आमच्या तिठ्यावरून देवगडचा रस्ता फुटतो, समुद्र त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे आहे तो मुंबई-गोवा हायवे, रेल्वेचं नांदगाव रोड नावाचं छोटं स्टेशन, आणि जांभ्याची विहीर. विहीर सामाईक आहे. आमची आणि काकांची. घरं दोन झाली, विहीर एकच राहिली. कोकणातल्या वाचकांना यापुढे काय घडलं असेल याचा अंदाज इथेच आला असणार!

घरामागे थोड्या पोफळी, माड आणि दोन वर्षांपूर्वी लावलेली आंब्याची कलमं. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत त्यांना पाणी लागतं. बाबा रोज पहाटे उठून पंप लावायचे, चाळीस मिनिटं थांबायचे, बंद करायचे. त्यांचं वय झालंय, गुडघे दुखतात, पहाटे दव पडलेल्या पायऱ्या निसरड्या असतात. मी शिमग्याला घरी गेलो तेव्हा आईनं हे सगळं ऐकवलं, आणि माझ्यातला इंजिनियर जागा झाला.

पुण्याहून येताना रास्पबेरी पाय आणलाच होता. रिले जोडला, त्यावर कॉन्टॅक्टर, त्यावर पंप. वायरिंग गावातल्या वायरमनकडून नीट करून घेतलं, त्यात चूक नव्हती हे आधीच सांगतो. चूक प्रोग्रामात होती, आणि तो माझा होता. पायथनमध्ये सात-आठ ओळी. मराठीत सांगायचं तर: कायम फिरत राहा, पंप चालू कर, चाळीस मिनिटं झोप, पंप बंद कर, चोवीस तास झोप. पहाटे साडेपाचला उठून स्वतःच्या हातानं प्रोग्राम सुरू केला, पंप घरघरला, बाबा कौतुकानं बघत होते. त्याच दिवशी दुपारची गाडी पकडून मी पुण्याला.

चूक दिसली? नसेल दिसली तर लाजू नका. मला दिसली नव्हती, आणि मला याचा पगार मिळतो.

चोवीस तासांची झोप पंप *बंद झाल्यावर* सुरू होते. म्हणजे एक फेरी चोवीस तासांची नाही, चोवीस तास चाळीस मिनिटांची. दुसऱ्या दिवशी पंप सहा दहाला लागला. तिसऱ्या दिवशी सहा पन्नासला. नवव्या दिवसानंतर तो साडेअकराला लागत होता, आणि त्यानंतरच्या दिवशी बारा दहाला.

आता विहिरीचं वेळापत्रक बघा. रात्रभर झरे भरतात, पहाटे पाणी सगळ्यात वर. सातनंतर काकांकडची मंडळी पाणी भरतात, मग आमच्या घरचं, धुणीभांडी, गुरं. मार्चच्या शेवटी दुपारी बाराला विहिरीत काय असतं? तळ. अकराव्या फेरीला, बारा दहाला, पंप लागला तेव्हा फूटव्हॉल्व उघडा पडला होता. पंप चाळीस मिनिटं कोरडा चालला. प्रोग्रामच्या दृष्टीनं सगळं यथासांग पार पडलं. मोटारीचं वाइंडिंग जळालं.

मोटारीचे पैसे गेले, ते जाऊ द्या. त्याआधीचे तीन-चार दिवस काकांकडे दुपारी पाणी पुरत नव्हतं. काकीला वाटलं की आम्ही मुद्दाम दुपारी पंप लावतोय. विहिरीवर आईला ऐकवलं, "आमच्या वाटचा पाणी कोण पिता ता कळाक व्हया." आई काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला. दोन पिढ्या एका विहिरीवर पाणी भरलं ते कधी भांडण नाही, आणि माझ्या आठ ओळींनी अकरा दिवसांत ते करून दाखवलं.

मी फोनवर बाबांना विचारलं, अहो, पंप रोज उशिरा लागतोय हे तुमच्या लक्षात आलं नाही? ते म्हणाले, "येवक काय झाला? माका वाटला, तुझा कायतरी गणित असतला." म्हणजे बघा. ज्या माणसाला ही वेळ चुकीची आहे हे पहिल्या तीन दिवसांत कळलं होतं, तो माझ्या डिग्रीकडे बघून गप्प बसला. बाबांचे एक देवगडचे मित्र आहेत, जन्म समुद्रावर गेलेला. त्यांनी तर एका वाक्यात डीबग केलं: "काय रे, तुझ्या झिलान पंप भरतीर लावल्यान काय?" भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, कारण चंद्राच्या हिशोबानं दिवस चोवीस तास पन्नास मिनिटांचा असतो. माझा पंप चाळीस मिनिटं सरकत होता. चंद्राशी दहा मिनिटांचाच काय तो फरक! :-)

असो. झालं ते झालं. पण यावरून गेले तीन आठवडे डोक्यात जे घोळतंय ते लिहितो. माझं म्हणणं साधं आहे: 'ठरावीक वेळानं एखादं काम करणं' हा प्रोग्रामिंगमधला प्रश्न आहे असं आपण समजतो, म्हणून कुठली लायब्ररी चांगली यावर वाद घालतो. तो प्रश्न नव्वद टक्के प्रोग्रामिंगचा नाहीच. काम चुकलं तर काय करायचं, हा तो प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर ते काम आजवर हातानं करणाऱ्या माणसाकडे असतं. त्याला आपण विचारत नाही.

आधी तांत्रिक भाग उरकतो. ज्यांना पायथनशी देणंघेणं नाही त्यांनी पुढचे तीन परिच्छेद गाळले तरी चालेल.

'दर इतक्या वेळानं' आणि 'अमुक वाजता' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला हवं होतं 'रोज पहाटे साडेपाचला', मी लिहिलं 'दर चोवीस तासांनी', आणि तेही धड नाही. दर इतक्या वेळानंच करायचं असेल, समजा दर दहा सेकंदांनी सेन्सर वाचायचा असेल, तर सुरुवातीची वेळ एकदाच नोंदवायची आणि प्रत्येक फेरीची वेळ त्या सुरुवातीपासून मोजायची. पाचवी फेरी म्हणजे सुरुवात अधिक पाच गुणिले दहा. झोपायचं ते 'पुढच्या फेरीची वेळ वजा आत्ताची वेळ' एवढंच. काम तीन सेकंद चाललं तर सात सेकंद झोप. चूक साचत नाही. आणि ही वेळ भिंतीवरच्या घड्याळातून घ्यायची नाही, कारण ते घड्याळ कोणीही, अगदी इंटरनेटवरून आपोआपही, पुढेमागे करू शकतं. त्यासाठी पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, मोनोटॉनिक घड्याळ आहे. ते फक्त पुढे जातं, कधीच मागे येत नाही. (लिनक्सवर लॅपटॉप झोपला की ते घड्याळही झोपतं, हे मात्र ध्यानात ठेवा.) उलट 'पहाटे साडेपाच' हे भिंतीवरच्या घड्याळाचंच काम, तिथे मोनोटॉनिक उपयोगाचं नाही.

टाइमर नावाचा थ्रेडिंगमधला प्रकार अनेकांना आवडतो. तो एकदाच वाजतो, म्हणून लोक कामाच्या शेवटी नवा टाइमर लावतात. एखाद्या दिवशी कामात मधेच एक्सेप्शन आलं की शेवटची ओळ चालत नाही, पुढचा टाइमर लागत नाही, साखळी तुटते. बाकीचा प्रोग्राम मजेत चालू. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळं आलबेल आहे. शेड्यूल नावाची लायब्ररी वाचायला फार गोड आहे, पण कामाला लागलेला वेळ ती हिशोबात धरत नाही आणि हे तिच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. आपण कागदपत्रं वाचत नाही, ती गोष्ट वेगळी.

एपीशेड्यूलर हा जरा प्रौढ गडी. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत एक गंमत आहे: ठरल्या वेळेपेक्षा काम सुरू व्हायला किती उशीर चालेल, ही सवलत तुम्ही काही सांगितलं नाहीत तर एक सेकंद धरली जाते. त्याहून उशीर झाला तर ती फेरी चुकली असं समजून सोडून देतो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो. मशीन जरा गुंतलं होतं, दीड सेकंद उशीर झाला, आणि आजचं काम झालंच नाही! ज्याला हे माहीत नाही तो लायब्ररीला शिव्या घालतो. पण लायब्ररीनं तरी काय करावं? उशीर किती चालेल हे तिला कोण सांगणार?

तांत्रिक भाग संपला. हुश्श.

साचत जाणारी ही चूक काही संगणकाचा शोध नाही. आपल्याकडे घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, चोवीस मिनिटं. अशा साठ घटकांचा दिवस. जुन्या पद्धतीच्या लग्नात मुहूर्तासाठी घंगाळात सोडलेली वाटी कोणाच्या आजीनं पाहिली असेल तर विचारा. आता हे नीट बघा: वाटी बुडाली की कोणीतरी ती उचलून, रिकामी करून पुन्हा सोडायची. त्यात जे काही क्षण जातात ते माझ्या चाळीस मिनिटांसारखेच, प्रत्येक फेरीत साचत जाणारे. पण घटका मोजायच्या त्या सूर्योदयापासून. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कालची चूक कालच्या खात्यात. पाण्यात वाटी सोडणाऱ्या माणसाला जे कळत होतं ते मला चार वर्षं इंजिनियरिंग करून सुचलं नाही.

आणि ही चूक नेहमी पंपावर भागते असंही नाही. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानला अमेरिकन लष्कराच्या बराकीवर इराकचं स्कड क्षेपणास्त्र पडलं, २८ सैनिक मेले. ते अडवायला ठेवलेली पेट्रियट यंत्रणा वेळ मोजायची सेकंदाच्या दहाव्या भागात, आणि एक दशांश ही संख्या तिच्या चोवीस बिटांत पूर्ण मावत नव्हती. प्रत्येक टिचकीला अगदी नगण्य चूक. यंत्रणा शंभर तास सलग चालू होती, चूक साचून सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. यंत्रणा मधूनमधून बंद करून चालू केली असती तरी चूक पुसली गेली असती, सूर्योदयाला वाटी नव्यानं सोडल्यासारखी. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर धाहरानला दुसऱ्या दिवशी पोचलं.

परत नांदगावला येऊ. नवी मोटार बसली. (पैसे मी दिले, बाबा नको म्हणत होते.) प्रोग्रामाची दुसरी आवृत्ती मी क्रॉनवर टाकली: रोज पहाटे साडेपाच. क्रॉन म्हणजे युनिक्सचा जुना, भरवशाचा चाकर. तो साचणारी चूक करत नाही. छाती काढून पुण्याला परत आलो.

एप्रिलमध्ये वळवाचा पाऊस आला. पाऊस थोडा, वारा फार, आणि कुठेतरी फांदी तारेवर पडली. पहाटे साडेपाचला लाईट नव्हती. पाय बंद, पंप बंद. लाईट आली साडेसहाला. क्रॉनचा स्वभाव असा की तो मागे वळून बघत नाही. साडेपाच वाजून गेले? गेले. आता उद्या. दुसऱ्या दिवशीही तेच. कलमांनी माना टाकल्या.

त्याहून भारी पुढे. रास्पबेरी पायच्या माझ्याकडच्या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज गेली की त्याला वेळ कळत नाही. चालू झाल्यावर तो शेवटी नोंदवलेली वेळ धरून चालतो आणि इंटरनेट मिळालं की दुरुस्त करतो. पण वादळानंतर राउटर कुठला आणि इंटरनेट कुठलं? टॉवरची बॅटरीही संपलेली. तिसऱ्या दिवशी पायच्या मनातले साडेपाच आणि नांदगावचे साडेपाच यांचा काहीही संबंध उरला नव्हता. पंप रात्री कधीतरी लागला. आई दचकून उठली, चोर आला म्हणून.

अवांतर: घड्याळ कोणाचं खरं, हा आपल्याकडे जुनाच तंटा. १ जानेवारी १९०६ पासून देशाला एक प्रमाणवेळ मिळाली, पण मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागची मुंबई वेळ सोडायला नकार दिला, आणि ती पुरती जायला १९५५ उजाडलं. पायथनमध्येही हे भूत आहे. पायटीझेड नावाच्या लायब्ररीत कोलकाता विभाग चुकीच्या पद्धतीनं जोडला तर फरक साडेपाच तासांऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटं येतो. ती प्रमाणवेळेच्या आधीची कलकत्त्याची स्थानिक वेळ! पायथन ३.९ पासून झोनइन्फो आलंय, तेच वापरा.

मग एका शनिवारी मी गावी गेलो आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बाबांसमोर ओटीवर बसलो आणि विचारलं, तुम्ही पंप कसा लावायचात ते सगळं सांगा. चुकलं तर काय करायचात तेही.

बाबांना आधी प्रश्नच कळेना. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा चेहरा. मग हळूहळू बोलायला लागले. साडेपाचला लाईट नसेल तर? "लाईट इली काय लावूचो." कितीही वाजता? "आठ वाजान गेले काय नको. मगे उद्या." का? कारण आठनंतर काकांकडची भरणी असते आणि पाणी खाली जातं. दोन दिवस चुकले तर तिसऱ्या दिवशी दुप्पट? यावर हसले. "झाडाक हिशोब कळना नाय. एकदाच घालूचा." काकांचा पंप चालू असेल तर? थांबायचं, त्यांचा बंद झाला की आपला. रात्री पाऊस पडून गेला असेल तर? लावायचाच नाही. आणि पंप लागला पण पाणी आलं नाही तर? "आवाजान कळता," म्हणाले. कोरड्या पंपाचा आवाज वेगळा असतो. लगेच बंद करायचा.

मी वहीत लिहून घेत होतो आणि लिहिता लिहिता माझेच कान गरम व्हायला लागले. उशीर किती चालेल, चुकलेल्या फेऱ्या एकत्र करून एकदाच चालवायच्या का, दोन कामं एका वेळी चालू द्यायची का, कधी काम करूच नये, आणि चाललं पण झालं नाही हे कसं ओळखायचं. एपीशेड्यूलरच्या कागदपत्रांत ज्या सेटिंगना भारदस्त नावं आहेत त्यातल्या बहुतेक बाबांच्या डोक्यात होत्या, आणि पाऊस व आवाज या दोन तर कुठल्याच लायब्ररीत नाहीत. बाबा दहावी. मी बी.ई.

आता म्हणाल, हा गावचा पंप झाला, आमच्या हापिसात असं नसतं. असतंच. नाव सांगत नाही, पण मी पूर्वी जिथे होतो तिथे दर पंधरा मिनिटांनी ग्राहकांना एसएमएस पाठवणारं एक काम होतं. लिहिलं तेव्हा ते तीन मिनिटांत व्हायचं. वर्षभरात ग्राहक वाढले आणि एका रात्री त्याला सतरा मिनिटं लागली. पहिलं संपायच्या आत दुसरं सुरू झालं, दोघांनी तीच यादी उचलली, दोघं एकमेकांना हळू करत गेले, मग तिसरं आलं. सकाळी लोकांना एकाच बिलाचे चार-चार मेसेज. काकांचा पंप चालू असेल तर थांबायचं, हा बाबांचा नियम तिथे कोणीच लिहिला नव्हता. बैठकीत चर्चा काय झाली? क्रॉन सोडून सेलरी वापरूया का! लायब्ररी बदलली असती तर तेच काम सेलरीनं तितक्याच इमानानं दोनदा केलं असतं.

माझ्या मते यातला सगळ्यात वाईट प्रकार दोनदा होण्याचा नाही, न होण्याचा आहे. चुकीचं काम झालं की कोणीतरी ओरडतं. काम झालंच नाही की शांतता असते, आणि शांतता आपल्याला चांगली बातमी वाटते. बॅकअप चार महिने झालेला नाही हे डिस्क गेल्यावर कळतं. याबाबतीत शिकायचं असेल तर मी म्हणेन आमच्या गावावरून जाणाऱ्या रेल्वेकडे बघा.

वैभववाडी रोड हे आमच्या नांदगाव रोडच्या अलीकडचं, मुंबईच्या बाजूचं स्टेशन. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला निघालेली हॉलिडे स्पेशल वैभववाडीजवळ दरडीच्या ढिगाऱ्यावर आदळली. पन्नासच्या वर माणसं गेली. मी तेव्हा अगदी लहान होतो. मला आठवतो तो दुसऱ्या दिवशीचा पाऊस, आणि घरातली मोठी माणसं हळू आवाजात बोलत होती ते. पुढच्याच वर्षी १६ जूनला रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्सप्रेसला तसाच अपघात झाला.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक तुम्हाला माहीत असेल, निदान त्यावर चिडला तरी असाल. वर्षानुवर्षं ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. गाड्यांचा वेग कमी, मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० किलोमीटर. आम्ही चाकरमानी गणपतीला येताना कुरकुरतो, मुंबईहून कणकवलीला यायला किती वेळ! पण प्रोग्रामर म्हणून बघितलं तर हे फार प्रामाणिक वेळापत्रक आहे. पावसात कामाला जास्त वेळ लागतो हे कबूल केलं, आणि वेळापत्रकच बदललं. उन्हाळ्याचंच वेळापत्रक ठेवून रोज उशीर सोसणं, आणि मग तो भरून काढायला ड्रायव्हरला घाई करायला लावणं, हे आपण सॉफ्टवेअरमध्ये दर तिमाहीला करतो.

पण मला सांगायचंय ते गस्तीबद्दल. पावसाळ्यात रुळावरून रात्रंदिवस माणसं चालतात, कंदील, टॉर्च, फटाके घेऊन. रेल्वेच्या गस्तीची पद्धत अशी की प्रत्येकाची हद्द आणि वेळ ठरलेली. हद्दीच्या टोकाला दोन गस्तवाले भेटतात आणि वह्यांची अदलाबदल करतात, म्हणजे चाललो नाही पण चाललो असं सांगता येत नाही. आणि खरी गोम पुढे आहे. गस्तवाला ठरल्या वेळी स्टेशनला पोचला नाही, तर स्टेशन मास्तर 'काही खबर नाही म्हणजे ठीक असेल' असं धरत नाही. उलट काहीतरी बिनसलं असावं असं धरतो आणि पुढच्या गाडीला थांबवून हळू जाण्याचा लेखी हुकूम देतो. दरड कोसळल्याची बातमी यायची वाट बघत नाही. बातमी न येणं हीच बातमी.

आपल्याकडे हे किती प्रोग्रामांत असतं? काम बिघडलं तर मेल पाठव, असं सगळे लिहितात. पण मेल पाठवणारा प्रोग्रामच मेला तर? करायचं ते उलटं: काम झालं की खूण पाठव, आणि खूण आली नाही तर दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या मशीनवर बसून, बोंब मारायची. अवघड नाही, अर्ध्या तासाचं काम आहे. पण ते करायला आपला प्रोग्राम कधीतरी गुपचूप मरणार आहे हे आधी मान्य करावं लागतं, आणि तिथे घोडं अडतं.

आता नांदगावची तिसरी आवृत्ती चालू आहे. पायला पाचशे रुपयांच्या आतलं बॅटरीवालं घड्याळ लावलं. प्रोग्राम दर मिनिटाला उठून एवढंच बघतो: साडेपाच ते आठच्या मधली वेळ आहे का, आज पंप झालाय का, रात्री पाऊस झाला का (पत्र्याखालून बाहेर काढलेला एक साधा सेन्सर), काकांचा पंप चालू आहे का. सगळं जमलं तर लावतो आणि डिस्कवर 'आज झालं' अशी नोंद करतो. लाईट मधेच गेली तरी परत आल्यावर नोंद बघतो, दुसऱ्यांदा लावत नाही. विजेचा प्रवाह मोजणारी एक कॉइल घातलीय. पंप कोरडा चालला की प्रवाह उतरतो, तीस सेकंदांत बंद. बाबांच्या कानाएवढं ते हुशार नाही, पण चालतंय. झोपेसाठी मी शेवटी तीच पहिली, गरीब, टाइम डॉट स्लीप वापरलीय, साठ सेकंदांची. ती मिनिटामागे थोडी सरकते, आणि सरकली तरी काही बिघडत नाही, कारण निर्णय तिच्यावर नाही.

काम झालं की मला मेसेज येतो. साडेआठपर्यंत आला नाही तर पुण्यातल्या माझ्या दुसऱ्या मशीनवरून फोन वाजतो आणि मी बाबांना फोन करतो. आतापर्यंत दोनदा वाजला. दोन्ही वेळा बाबा म्हणाले, "लाईट नाय, मी बघलंय." कारण ते अजूनही सव्वापाचला उठतात. पायऱ्या उतरत नाहीत, ओटीवर बसून पंपाचा आवाज येतो का ऐकतात, आला की परत आडवे होतात.

काकांचा पंप चालू आहे का हे बघायला त्यांच्या स्टार्टरपासून आमच्या पायपर्यंत एक वायर आणावी लागली. त्यासाठी काकांच्या पडवीत जाऊन विचारावं लागलं. मीच गेलो. झालेला सगळा प्रकार, चाळीस मिनिटांच्या हिशोबासकट, काकीला समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, "म्हणजे तुका येळ मोजूक येय नाय होती." आणि आत जाऊन चहा ठेवला.